गोठ्याच्या दारानं

"पुन्हा या अंगणात पाय ठेवायचा असेल, तर माझी गुरं उठवायलाच ठेव," ओझ्बोल्ट म्हणाला.

"तेव्हाच ठेवीन," लोव्रेन्स म्हणाला.

मी त्या वेळी गवत वाळवायच्या मांडवामागं उभी होते आणि माझ्या डोक्यावर तांब्याची मोठी कढई होती. डुक्कर कापायच्या दिवसासाठी सासूबाईंनी ती पेचनिकांच्या घरून मागून आणलेली, आणि परत द्यायला नव्या सुनेला धाडलेलं. पुढं जावं तर दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात. मागं फिरावं तर कढई तशीच घेऊन आले म्हणून सासूबाई माझ्या अंगावर. मी हलले नाही. मान अवघडून गेली, पण भांडण सगळं ऐकलं.

तसं भांडण्यासारखं काही नव्हतंच. ओझ्बोल्ट थोरला, त्यामुळे पेचनिकांचं शेत, घर, गोठा सगळं त्याचं. आमच्याकडे जमीन एकाच मुलाकडे जाते. धाकटा लोव्रेन्स खाली दरीत लाकूड कापायच्या गिरणीत कामाला लागलेला, रविवारी वर यायचा. आई गेल्यापासून ओझ्बोल्ट एकटा राहत होता. चर्चला यायचा बंद झाला होता, कुणाच्या लग्नाला दिसत नव्हता. लोव्रेन्स म्हणत होता, एवढा हिवाळा माझ्याकडे काढ, गुरांकडे बघायला मी माणूस देतो. ओझ्बोल्टला वाटलं, याचा डोळा जमिनीवर आहे. मग तू खाली गेलास तेव्हा कुणाला विचारलंस, आईच्या उशाशी कोण बसलं होतं, असं एकेक बाहेर निघत गेलं, आणि शेवटी ते गुरांचं वाक्य आलं.

आता गुरं उठवणं म्हणजे काय, तेवढं सांगते. आमच्या स्लोव्हेनियातल्या या डोंगरांत घराचा धनी वारला की शवपेटी उंबऱ्याबाहेर पडताना गोठ्यातलं एकूण एक जनावर उभं असावं लागतं. एखादं बसून राहिलं तर ते धन्याच्या मागं जातं, म्हणतात. म्हणून घरातला किंवा शेजारचा एक पुरुष आधीच गोठ्यात जातो, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून सांगतो की तुमचा धनी चालला, आणि त्यांना उठवतो. मधमाश्यांच्या पेट्यांवरही टकटक करतात. तेव्हा ओझ्बोल्टनं भावाला काय ऐकवलं ते समजलंच असेल.

मी कढई परत घरी नेली. सासूबाई जे बोलायचं ते बोलल्या.

दोघा भावांनी शब्द मात्र पाळला. आमच्या लोकांचं हे जुनं दुखणं. प्रेमानं दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी विसरतील आणि रागात दिलेला मरेपर्यंत सांभाळतील, वर त्याला अब्रू म्हणतील. रविवारी लोव्रेन्स आमच्यापर्यंत वर यायचा. आमच्या ब्रेझनिकांच्या अंगणातून पेचनिकांची चिमणी दिसते. तिचा धूर बघत उभा राहायचा आणि परत खाली जायचा. माझा नवरा फ्लोरियान त्याला म्हणायचा, अरे, जा ना, दहा पावलं तर राहिलीत. लोव्रेन्स म्हणायचा, "त्यानं बोलवू दे." आणि आम्ही तरी काय, दुसऱ्यांच्या घरात न बोलावता शिरायची आमच्याकडे पद्धत नाही. धूर निघतोय ना, म्हणजे माणूस ठीक आहे. सगळे असंच धरून चालायचो.

हिवाळा सरत आला तेव्हा एका सकाळी धूर निघाला नाही.

फ्लोरियान गेला. ओझ्बोल्टनं स्वतःच स्वतःला संपवलं होतं. कसं, ते मी नवऱ्याला कधी विचारलं नाही. त्यानं मला सांगितलं ते गोठ्याचं. गव्हाणी गवतानं काठोकाठ भरलेल्या होत्या. पाण्याच्या कुंड्या भरलेल्या होत्या. शेणाचा एक पो नाही, नवा कोरडा पेंढा अंथरलेला, गाईंच्या धारा काढून झालेल्या, बादली घासून उपडी घातलेली. "लग्नघरासारखा गोठा होता," फ्लोरियान म्हणाला, आणि त्यानंतर किती तरी दिवस आमच्या गोठ्यात त्यानं मुद्दाम थोडं शेण राहू दिलं.

प्रेतयात्रेच्या दिवशी लोव्रेन्स आला. पुढच्या अंगणातून घरात गेला नाही. मागच्या बाजूनं फिरून, गोठ्याच्या दारानं आत गेला. भावानं तेवढीच परवानगी दिली होती. गोठ्याच्या दाराला वरचं आणि खालचं अशी दोन फळकुटं असतात; खालचं धरून ठेवायला मला उभं केलं होतं, त्यामुळे पुढचं मी पाहिलं.

सगळी गुरं उठली. लिस्का उठेना. लिस्का म्हणजे कपाळावर पांढरा पट्टा असलेली तांबडी गाय, ओझ्बोल्टची लाडकी. लोव्रेन्सनं पाठीवर हात ठेवला, थापटलं, दावं ओढलं. ती मान वळवून घराच्या दाराकडे बघत बसून राहिली. तिकडे खांदेकरी शवपेटी उचलून उंबऱ्यात थांबलेले. बर्फ पडत होतं. पादरीबाबा दोनदा खोकले. शवपेटी एकदा उचलली की खाली ठेवत नाहीत आणि गाय बसलेली असताना बाहेर काढत नाहीत, तेव्हा सगळे असे मधल्यामध्ये अडकलेले. शेवटी लोव्रेन्स पेंढ्यात गुडघे टेकून बसला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. बराच वेळ बोलत होता. मला शब्द ऐकू आले नाहीत. मग लिस्का आधी मागचे पाय, मग पुढचे, अशी सावकाश उठली, आणि मी बाहेरच्यांना हात केला.

तेव्हापासून तो पेचनिकांच्या शेतावरच राहिला. गिरणी सोडली. पण घरात मात्र राहिला नाही. गोठ्याला लागून चारा शिजवायची एक खोली आहे, तिथं त्यानं खाट टाकली, चूल मांडली. घराच्या खिडक्यांची दारं भावानं लावली होती तशीच लावलेली राहिली. आत भिंतीवर आईचं घड्याळ, टेबलावर ओझ्बोल्टचा पेला. वर्षातून एकदा मी झाडायला जायचे. तो किल्ली द्यायचा आणि अंगणाच्या कडेला पाठमोरा उभा राहायचा. लोक म्हणायचे, संध्याकाळी बंद घरातून ओझ्बोल्टच्या खोकल्याचा आवाज येतो. मला कधी आला नाही. पण धारेच्या वेळी लिस्का मान वळवून त्या दाराकडे बघायची, ते मी पाहिलं आहे. गाय म्हातारी होऊन मरेपर्यंत बघायची. तिच्या वासरांनाही ती खोड लागली.

हट्टी लिस्काला ज्यानं उठवलं तो कुणालाही उठवेल, असं झालं. डोंगरावर कुठंही मयत झालं की लोव्रेन्सला बोलावणं जायचं. तो यायचा, मागच्या बाजूनं गोठ्यात शिरायचा, काम झालं की मागच्या बाजूनंच निघून जायचा. जेवायलाही थांबायचा नाही. आणि मग जे व्हायचं तेच झालं. लोक त्याला भ्यायला लागले. पाठीवर पिशवी टाकून तो उतारावरून जाताना दिसला की बाया छातीवर क्रूसाची खूण करायच्या. मुलं चुलीमागं लपायची. एवढा भला माणूस, मुंगीलाही वाट देणारा, आणि त्याला बघून अख्ख्या डोंगराला मरण आठवायचं.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा माझ्याकडे ताक पिता पिता म्हणाला, "ब्रेझनिकीण, मी फक्त कुणी मेल्यावरच का जातो गं लोकांकडे?"

मी म्हटलं, "जिवंतपणी बोलावत नाहीत म्हणून."

"आमच्या ओझ्बोल्टनंही नव्हतं बोलावलं," तो म्हणाला, आणि पेला धुऊन ठेवून गेला.

पुढच्या मंगळवारपासून त्यानं मिठाचं सुरू केलं. गुरांना चाटायला मिठाचे दगड लागतात. सहकारी दुकानाची गाडी ते खाली रस्त्याच्या टोकाशी टाकून जायची आणि ज्याचे त्यानं वाहून न्यायचे. लोव्रेन्स ते पिशवीत भरून वर घेऊन यायला लागला, एकेका घरी, धारेच्या वेळी. मीठ हे निमित्त. न बोलावता जायचं तर हातात काहीतरी हवं ना. घराच्या दारावर तो कधी थाप मारायचा नाही. गोठ्याच्या दारानं आत जायचा, दगड गव्हाणीत ठेवायचा, आणि कोपऱ्यातलं दाताळं उचलून शेण ओढायला लागायचा.

आणि बोलायचा गाईशी. आमचा पुरुष दुसऱ्या पुरुषाला आपलं दुःख सांगत नाही, दात ओढले तरी सांगणार नाही. गाईला मात्र सगळं सांगतो. लोव्रेन्सनं एवढंच केलं, की माणूस गाईला सांगत असताना आपण जवळ उभं राहायचं. तो गाईला विचारायचा, काय गं, तुझा धनी वाळलेला दिसतो, जेवत नाही की काय? पलीकडून धनी गाईलाच सांगायचा, सांग त्याला, बायको दवाखान्यात आहे, स्वयंपाक कोण करणार? मग लोव्रेन्स माझ्याकडे यायचा, आणि मी कुट्टूच्या पिठाची उकड करून त्यावर चरबीचे कुरकुरीत तुकडे घालून डबा धाडायचे. नेझा नावाची एक विधवा होती, तिच्याकडे फक्त एक डुकरीण. लोव्रेन्स त्या डुकरिणीशी इतक्या अदबीनं बोलायचा की नेझा म्हणायची, माझ्या नवऱ्यानं जन्मात माझ्याशी असा सूर लावला नाही. हसत हसत रडायची. एवढं व्हायचं, बाकी काही नाही.

आता क्लेमेनचं सांगते.

सगळ्यात वरचं घर रावनिकांचं. नावाचा अर्थ सपाट जागेवरचे, आणि अंगणात भांडं ठेवलं तर घरंगळत दरीत जातं. तिथं बार्बा आणि तिचा मुलगा क्लेमेन. बार्बा माझी मैत्रीण आणि क्लेमेनची मी धर्मआई, चर्चमध्ये नाव ठेवताना मीच त्याला हातात धरलेलं. तो मला मावशी म्हणतो. बाप लवकर गेला. शाळेतून येऊन दप्तर टाकलं की मुलगा गोठ्यात, असा तो वाढला. प्रत्येक गाईच्या गळ्यात वेगळ्या आवाजाची घंटा होती, आणि डोळे मिटून तो सांगायचा कोण कुठं चरतंय.

मग त्यांच्या गुरांत क्षय निघाला. सरकारी डॉक्टर आले आणि सगळी गुरं गाडीत चढवून घेऊन गेले, रोगी आणि निरोगी दोन्ही. नियमच तसा होता. वर सांगून गेले, वर्षभर या गोठ्यात एकही जनावर आणायचं नाही. क्लेमेननं घंटा काढून घेतल्या होत्या. त्या त्यानं गोठ्याच्या तुळईला ओळीनं टांगल्या. वारा सुटला की वाजायच्या. बार्बा घरात बसून ऐकायची, ही सिव्का, ही लिपा, ही थोरली. शेवटी तिनं जाऊन घंटांत चिंध्या कोंबल्या.

हे तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "घंटांचं एक वेळ ठीक आहे. पण हा धारेच्या वेळी बादली घेऊन जातो गं. सकाळी जातो, संध्याकाळी जातो. रिकाम्या गोठ्यात तिपाईवर बसतो, आणि तेवढ्या वेळानं रिकामी बादली घेऊन परत येतो. काही बोलत नाही. मला भीती वाटते."

भीती कशाची ते आम्ही दोघींनी तोंडानं उच्चारलं नाही. पेचनिकांची बंद खिडकी तिच्या अंगणातूनही दिसते.

मी म्हटलं, लोव्रेन्सला येऊ दे. तर ती उसळली. म्हणाली, "तो माझ्या दारात नको. तो ज्या घरी जातो तिथं शवपेटी येते."

"शवपेटी येते तिथं तो जातो, बार्बा. उलटं नको करूस."

"उलट असो नाहीतर सुलट. माझा मुलगा जिवंत आहे."

मंगळवारी लोव्रेन्स आलाच. बार्बानं घराचं दार लावून घेतलं आणि चर्चमधून आशीर्वाद देऊन आणलेली जुनी फांदी चुलीत घालून घरभर धूर केला, मरण घरात शिरू नये म्हणून. त्या धुरानं ती स्वतःच खोकून बेजार झाली. लोव्रेन्स आपला मागच्या बाजूनं गोठ्यात गेला. क्लेमेन तिपाईवर बसलेला होता. त्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, इथं उठवायला कुणी नाही. चुकीच्या घरी आलात."

"उठवायला नाही आलो. मीठ आणलंय."

"कुणाला?"

इतकी वर्षं लोव्रेन्सचं सगळं बोलणं गाईच्या आडून चालायचं, आणि इथं गाय नव्हती. त्यानं मिठाचा दगड रिकाम्या गव्हाणीत ठेवला, ओढायला शेण नव्हतं म्हणून दाताळं नुसतं हातात घेऊन परत ठेवलं, आणि निघून आला. येताना माझ्याकडे थांबला. म्हणाला, आज मी नापास झालो, ब्रेझनिकीण. तरी पुढच्या मंगळवारी गेला, त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेला. रिकाम्या गव्हाणीत मिठाचे दगड साठत गेले. क्लेमेन त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही, आणि बार्बाचा धूर चालूच.

मग पानं गळायच्या दिवसांत असा एक मंगळवार आला. त्या दिवशी गोठ्यात काय झालं ते मला क्लेमेननं सांगितलं. लगेच नाही, पुष्कळ वर्षांनी, माझ्या भोपळ्याच्या बिया सोलून देताना सांगितलं.

लोव्रेन्स आत आला आणि दारातच थांबला. गोठा झाडून, धुऊन लख्ख केलेला. प्रत्येक गाईच्या जागेवर नवा कोरडा पेंढा. कुंड्या पाण्यानं भरलेल्या, गव्हाणी गवतानं काठोकाठ भरलेल्या, बादली घासून उपडी घातलेली. तुळईवरच्या घंटांतल्या चिंध्यासुद्धा काढून टाकलेल्या. गोठ्यात गाय एकही नाही.

असा गोठा आमच्या डोंगरावर आणखी एकदाच पाहिला गेला होता, आणि ज्याच्या भावाचा तो गोठा होता, तो आत्ता दारात उभा होता.

लोव्रेन्सनं विचारलं, "पेंढा कुणासाठी अंथरलास?"

क्लेमेन म्हणाला, "असाच."

लोव्रेन्सनं मागं वळून दार लावलं. वरचंही आणि खालचंही. पाठीवरची पिशवी काढून खिळ्याला अडकवली, मीठ न काढताच. मग चालत सिव्काच्या जागेवर गेला आणि गव्हाणीकडे तोंड करून, क्लेमेनकडे पाठ करून, गाय उभी राहते तसा उभा राहिला.

"बोल तिच्याशी," म्हणाला.

"काका, वेड लागलंय तुम्हाला."

"असेल. तू बोल."

पोक्त माणूस पेंढ्यात उभा, डोक्यावर फाटकी टोपी, हात गव्हाणीच्या काठावर. शेवटी क्लेमेन म्हणाला, "तुम्हाला शिंगं नाहीत."

"सिव्काला तरी कुठं दोन होती?"

खरंच, सिव्काचं एक शिंग लहानपणीच मोडलेलं. क्लेमेनला हसू आलं. किती तरी महिन्यांनी आलं, आणि आलं ते थांबेना, आणि त्याचं कधी दुसरं काही झालं ते त्यालाही कळलं नाही. तो तिपाईवर बसून होता, कपाळ लोव्रेन्सच्या पाठीला टेकलेलं, धार काढताना गाईच्या कुशीला टेकवतात तसं.

"सिव्का," तो म्हणाला, "मला उद्याची सकाळ नको वाटते."

लोव्रेन्स वळला नाही. अरे असं काय बोलतोस, आईचा विचार कर, असलं काही बोलला नाही. क्लेमेन सांगतो की नुसता श्वास चाललेला पाठीतून कळत होता, गाईचा कळतो तसा. मग क्लेमेन पुष्कळ बोलला. काय बोलला ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि ते सिव्काचं आहे.

त्याचं सगळं बोलून झाल्यावर लोव्रेन्स गव्हाणीकडेच बघत म्हणाला, "आमच्या लिस्काच्या कानात मी काय बोललो ते सांगू? मी म्हणालो, मी उशिरा आलो. माझं इथं आता कुणी नाही. तूही त्याच्या मागं गेलीस तर मला या अंगणात यायला निमित्त उरणार नाही. ऊठ बाई, आणि मला ठेवून घे."

आणि मग म्हणाला, "क्लेमेन, आज मला इथं ठेवून घे."

आणि तो राहिला. गाईंसाठी अंथरलेल्या पेंढ्यातच झोपला, दाराला पाठ लावून. आमचा डोंगर म्हणतो ओझ्बोल्ट भांडणामुळे गेला. मी ते भांडण ऐकलेलं आहे, आणि मला नाही वाटत. माणूस शंभर कारणांनी खचतो, आम्हाला त्यातलं एक ऐकू आलं, एवढंच. पण लोव्रेन्सला हे सांगून उपयोग नव्हता. तो दुसऱ्यांदा दारापर्यंत येऊन परत जाणार नव्हता.

सकाळी बार्बानं बघितलं तर तिचा मुलगा आणि मरणाचा माणूस दोघे कुंडीवर तोंड धूत होते. तिनं फांदी चुलीत घातली नाही. दूध आणि पाव घेऊन गोठ्यापर्यंत गेली, आणि नुसती उभी राहिली. मला नंतर म्हणाली, "त्याच्या केसांत पेंढा होता गं. मरणाच्या केसांत कधी पेंढा असतो का?"

लोव्रेन्स बरेच दिवस वरच राहिला. इकडे त्याच्या गाईंच्या धारा मी आणि फ्लोरियाननं काढल्या. लिस्काच्या नातीनं मला दोनदा लाथ मारली. मग एका सकाळी क्लेमेन दुकानाच्या गाडीतून खाली गावच्या डॉक्टरकडे गेला, आणि शेजारी लोव्रेन्स, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा पुढच्या दारानं कुठंतरी शिरायला निघालेला, टोपी मांडीवर घेऊन बसलेला. असं ते दर पंधरवड्याला जात राहिले. डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. क्लेमेन म्हणतो, गाईइतक्या नाही, पण ऐकतात.

एकदम काही बरं होत नाही. त्या हिवाळ्यात बार्बा रोज पहाटे उठून गोठ्यात डोकावायची, आणि कोपऱ्यात थोडा केर दिसला की तिला बरं वाटायचं. वर्ष झाल्यावर क्लेमेननं पहिली कालवड आणली, लोव्रेन्सकडचीच, लिस्काच्या वंशातली, कपाळावर तोच पांढरा पट्टा. गव्हाणीत वर्षाचं मीठ साठलेलं. त्या कालवडीनं ते इतकं चाटलं की दिवसभर पाणीच पीत राहिली.

लोव्रेन्स त्यानंतर पुष्कळ जगला. देश बदलला, नोटा बदलल्या, रावनिकांपर्यंत डांबरी रस्ता झाला, मिठाची गाडी थेट अंगणात यायला लागली. तरी तो मंगळवारी पायीच जायचा. बार्बा दर मंगळवारी घराचं दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात उभी राहायची. एके काळी ज्याच्यासाठी धूर केला त्याच्यासाठी. आणि तो दर मंगळवारी मागच्या बाजूनं जायचा. माझ्या मनात यायचं, ओझ्बोल्ट अजून कुठंतरी कान देऊन ऐकतोय आणि धाकटा भाऊ त्याच्या शब्दाबाहेर एक पाऊल टाकत नाही. तो गेला तो बुधवारी, झोपेत, गोठ्याशेजारच्या त्या खोलीत. त्याची गुरं क्लेमेननं उठवली. एकाही गाईला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

पण मला आठवतो तो त्याच्या आदल्या दिवसाचा मंगळवार. मी बार्बाच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. लोव्रेन्स चढण चढून वर आला, पाठीवर पिशवी, वाटेत एकदा थांबून त्यानं पेचनिकांच्या चिमणीकडे बघितलं, दर वेळी बघायचा तसं.

बार्बा उंबऱ्यातून म्हणाली, "आज तरी पुढच्या दारानं ये, लोव्रेन्स. उकड गरम आहे."

"माझे बूट बघ," तो म्हणाला.

"तीस वर्षं तुझे बूटच बघतेय मी."

तो हसला आणि मागच्या बाजूला वळला. चुलीमागच्या भिंतीपलीकडे गोठा आहे, तिकडचं सगळं ऐकू येतं. मिठाचा दगड गव्हाणीत ठेवल्याचा आवाज आला. दाताळं दगडी जमिनीवर खरखरलं.

"काय गं," लोव्रेन्स गाईला म्हणाला, "कसं चाललंय?"

"बरं आहे म्हणते," क्लेमेनचा आवाज आला. "रात्री झोप नव्हती लागली. पण सकाळी बरं वाटलं."

"मग ठीक," लोव्रेन्स म्हणाला. मग गोठ्याचं खालचं फळकूट लागल्याचा आवाज आला, आणि रिकामी पिशवी खांद्यावर टाकून तो आमच्या खिडकीखालून उतारानं घरी गेला.